सतरावं घर

तमाम सोयरेधायरे, इष्टमित्र आणि विशेषतः ज्यांनी वर्षानुवर्षं ‘काय सर, कुठवर आलं बांधकाम?’ असं विचारून एका सज्जन माणसाचं चहा पिणं मुश्कील केलं, त्या सर्वांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, धाराशिव जिल्ह्यात सगळ्यात जास्त घरं बांधलेला माणूस कुणी बिल्डर नाही की कंत्राटदार नाही. ते माझे साडू आहेत. सोळा वर्षांत त्यांनी सोळा घरं बांधली. सगळी एकाच प्लॉटवर, आणि त्यातल्या एकालाही वीट लागली नाही.

साडू कळंबला एका शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी गावाच्या कडेला प्लॉट घेतला. तेव्हा तिकडं कुत्रंही फिरकत नव्हतं, म्हणून मास्तराच्या पगारात तो बसला. आता घर बांधायचं तर आधी नकाशा हवा. लोक तो कागदावर काढतात. साडूंचा कागदावर विश्वास नाही. कबड्डीचं मैदान आखायला जी पांढरी फक्की लागते, तिची एक पिशवी त्यांनी पदरचे पैसे देऊन आणली, सुतळी बांधली, खुंट्या ठोकल्या आणि अख्खं घर जमिनीवर काढलं. भिंतीच्या जागी रेघ, दाराच्या जागी रेघेत फट, खिडकीच्या जागी तुटक रेघ. दर पावसाळ्यात ते घर पुसून जाई आणि दर दिवाळीच्या सुट्टीत, सिमेंट, सळई आणि वाळूचे नवे भाव विचारून आल्यावर, साडू नवं घर काढत.

त्या घराचे नियम कडक होते. आम्ही पहिल्यांदा धाराशिवहून एसटीनं गेलो, तेव्हा माझी बायको हौसेनं प्लॉटवर पुढं झाली आणि टर्रर्र करून शिट्टी वाजली. साडूंच्या गळ्यात ती कायम असायची.

“अहो वहिनी, भिंतीतून कुठं चाललाव? मागं व्हा. दार हिकडं हाय. आन् चपला भाईर.”

बायको मुकाट्यानं मागं फिरली, फटीबाहेर चपला काढल्या आणि काट्याकुट्यातून अनवाणी हॉलमध्ये आली. मीही आलो. आम्ही तिथं बसून थर्मासातला चहा प्यालो. मधेच मी पाय लांब केले, तर साडू अदबीनं म्हणाले, “साडूभाऊ, पाय बाथरूममधी गेलेत तुमचे.”

हे नियम न पाळणारी व्यक्ती जगात एकच होती. ती म्हणजे साडूंची बायको, माझी धाकटी मेव्हणी. ती हॉलच्या भिंतीतून शिरायची, बेडरूमच्या भिंतीतून बाहेर पडायची आणि शिट्टी वाजली की मागं न बघता म्हणायची, “मला न्हाय बा लागली भिंत.” तिचा राग वाजवी होता. भाड्याच्या दोन खोल्यांत तिचा स्वयंपाक एका बोळकांडीत चाले, तिथं दिवसाही बल्ब लावावा लागे आणि समोर शेजाऱ्याची भिंत. फोडणी हिची, ठसका सगळ्या वाड्याला. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, उगवतीला खिडकी असलेलं स्वयंपाकघर. रेघांवर भाकरी भाजत नाही, हे तिचं म्हणणं होतं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. साडूंच्या पहिल्या घरात माझी एक खोली होती. ‘साडूभाऊंची खोली’ असंच तिचं नाव. चांगली बारा बाय बारा, आतच बाथरूम, वर बाल्कनीही. मी सुखावलो. पुढच्या दिवाळीला सळई महागली आणि बाल्कनी गेली. मग वाळू मिळेना, तेव्हा बाथरूम गेलं. “रात्रीचं लागलं तर हॉलमधून जा, घर आपलंच हाय,” साडू म्हणाले. मग मिस्त्र्याची मजुरी वाढली आणि माझ्या खोलीत ज्वारीची पोती आली. त्यापुढच्या वर्षी पोती राहिली, मी एका कॉटेपुरता उरलो. सिमेंटचा भाव लोक दुकानात विचारतात, मी माझ्या खोलीत पाय पसरून बघत असे. घर दोन मजल्यांचं एक झालं, चार खोल्यांचं तीन झालं, देवघर भिंतीतल्या कोनाड्यात गेलं. बदललं नाही ते फक्त स्वयंपाकघर. दहा बाय दहा, आणि उगवतीला ती तुटक रेघ. सोळा वर्षं जागच्या जागी.

दुसऱ्यांच्या वास्तुशांतीला साडू गेले की यजमानांना घाम फुटे. जेवायच्या आधी ते भिंतींवर टिचक्या मारत, खिशातला टेप काढून दार मोजत आणि बादलीभर पाणी बाथरूममध्ये ओतून ते कुठं जातं ते उकिडवं बसून बघत. हल्ली घराला पुढून काचा, छताला पीओपीची नक्षी आणि त्यात निळे-जांभळे दिवे लावायची टूम निघाली आहे. एका यजमानानं मोठ्या कौतुकानं सगळे दिवे लावून दाखवले. साडू वर बघून म्हणाले, “लई झ्याक. पर पाणी मोरीत जात न्हाय, देवघराकडं चाललंय.” तिथं आम्हाला मठ्ठा मिळाला नाही.

चार वर्षांपूर्वी मात्र गंमत थांबली. कळंबमध्ये नवी अपार्टमेंट उभी राहिली आणि बिल्डरनं साडूंना निरोप धाडला की प्लॉट द्या, वर थोडे घाला आणि तयार फ्लॅट घ्या. आम्ही चौघं बघायला गेलो. फरशी चकाचक, लिफ्ट, गॅसचा ओटा काळ्याभोर ग्रॅनाइटचा. मेव्हणी ओट्यावरून हात फिरवत राहिली. मग तिनं खिडकी उघडली. समोर हातभर अंतरावर भिंत, आणि तिच्यावरून उतरलेले सगळ्या मजल्यांचे पाइप.

“चालतंय की,” मेव्हणी घाईनं खिडकी लावत म्हणाली. “घ्या. निदान छत तरी हाय.”

साडूंनी ती खिडकी पुन्हा उघडून बघितली. खाली आल्यावर त्यांनी बिल्डरला हात जोडले आणि नको म्हणाले. मेव्हणी सगळ्यांसमोर बोलली, “ओढा मग हयातभर रेघोट्या!” त्या दिवाळीला साडूंनी फक्की टाकली, पण शिट्टी वाजवली नाही.

आणि गेल्या वर्षी एके दिवशी फोन आला, “साडूभाऊ, पाया खंदलाय.” मला वाटलं, फक्की जरा जाड टाकली असेल. पण खरंच खणला होता. कर्ज निघालं, भाजक्या विटांऐवजी राखेच्या विटा आल्या, पुढच्या काचा नाहीत, पीओपी नाही. सुट्टीभर साडू स्वतः भिंतींना पाणी मारत होते.

वास्तुशांतीला गेलो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नवं धोतर नेसून साडू होमाला बसले होते, शिट्टी खुंटीला टांगलेली. मी जुन्या सवयीनं मनातल्या मनात माझी खोली शोधली. ती नव्हती, पोत्यांसकट गेली होती. पूजा उरकल्यावर साडूंनी मला बाजूला घेतलं. सोळा वर्षांत ज्या माणसाची मान खाली गेलेली पाहिली नाही, तो पायाच्या अंगठ्यानं नवी फरशी उकरत होता.

“तुमची खोली न्हाय बसली, साडूभाऊ,” ते हळूच म्हणाले. “लई मोजून बघितलं.”

मी म्हटलं, “अहो, मला काय करायची खोली? हॉल आहे की.” पण ज्या खोलीत कधी निजलो नाही, ती गेल्याचं वाईट वाटावं, याचं माझं मलाच नवल वाटलं.

जेवण झाल्यावर हात धुवायला मी घराच्या मागं गेलो. मागं सात-आठ फूट मोकळी जागा उरली होती. उन्हात डोळे बारीक करत, ओला हात झटकत मी नळाकडून सरळ परत निघालो आणि पायाला पांढरं लागलं. खाली बघितलं. फक्की होती, ताजी. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, पण खिडकीची जागा सोडून, एक नेटका चौकोन, एका बाजूला दाराची फट, आणि मधोमध कॉटेएवढी आखणी. मी त्या चौकोनाच्या ऐन मध्यात, चपलांसकट उभा होतो. हात नकळत कानांवर गेले, पण शिट्टी आतच खुंटीला होती.

बाजूलाच उगवतीची खिडकी उघडी होती. तिच्यात मेव्हणी, हातात झारा, कपाळावर घाम, मागं वाफाळणारं पातेलं. सोळा वर्षं एकाही भिंतीला न जुमानणारी ती बाई माझ्याकडं बघून एवढ्या मोठ्यानं ओरडली की मांडवातली पंगत थांबली:

“अवो दाजी, भिंतीतून काय शिरलाव? दार तिकडून हाय की!”