पडद्यावरची उभी रेघ

आमच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर आता पडदा बसवला आहे. माणूस बोलतो आणि त्याच क्षणी त्याचे शब्द तिथे उमटतात. काल साक्षीला आलेल्या एक आजी ते बघून म्हणाल्या, "अगं बाई! आता शब्द फिरवायची सोयच नाही की!" सगळे हसले. मला हसता आलं नाही.

मी इथला लघुलेखक. उलटतपासणीत साक्षीदार बहुतेक प्रश्नांना "खरं नाही" म्हणतात, म्हणून उत्तर येण्याआधीच माझी बोटं ते टाइप करून मोकळी व्हायची. बऱ्याच वर्षांपूर्वी एका साक्षीदाराला आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही आरोपीचा चेहरा पाहिलाच नव्हता, हे खरं ना?" तो हळूच म्हणाला, "खरं आहे." कागदावर तोवर "खरं नाही" पडलं होतं. थकलेल्या त्या माणसाने जबाब नीट न ऐकताच अंगठा उठवला. वकिलांच्याही नजरेतून ते सुटलं. मला संध्याकाळी दिसलं, आणि नोकरीच्या भीतीने मी गप्प राहिलो. आरोपीला जन्मठेप झाली. तो अजून आतच आहे.

आज कामकाज संपलं तरी न्यायाधीशसाहेब सह्या करत बसले होते. यंत्र तपासायला आलेल्या बाई मला म्हणाल्या, "काका, पिंजऱ्यात उभे राहून काहीतरी बोला. साहेबांच्या टेबलावरच्या पडद्यावरही दिसतंय का बघू."

"एक, दोन, तीन," मी म्हणालो.

आकडे उमटले. त्यांच्यापुढे एक उभी रेघ लुकलुकत राहिली. गप्प राहिलेलं या यंत्राला लिहिता येत नाही. ते नुसतं वाट बघतं.

न्यायाधीशांनी मान वर केली. "थांबलात का? पुढे बोला."

तेही पडद्यावर उमटलं.