गुरुवारचं अर्धं तिकीट

वॉटर पार्कपर्यंतची तीन किलोमीटरची वाट आम्ही निम्मी चाललो होतो. ऑटोवाल्याने शंभर रुपये सांगितले, म्हणून प्रमिलाने त्याला वाटेला लावलं होतं. "शंभरासाठी मले एक अख्खा ब्लाउज शिवा लागते," ती म्हणाली.

माझी ही मैत्रीण सेलूला शिलाई करते. पाण्यातले कपडे तिथे भाड्याने मिळतात हे कळल्यावर तिने दोघींचे घरीच शिवले. गुरुवारी तिकीट अर्धं आणि जेवण त्यातच, हेही तिनेच शोधून काढलं आणि तिकिटं आधीच काढून ठेवली. सकाळच्या घाईत आम्ही नुसत्या चहावर निघालो होतो.

पार्कला पोचलो, तर कमानीवर जेवणाची पाटी होती: पनीर, पुलाव, गुलाबजाम. ती वाचता वाचता प्रमिला थबकली.

"अवं, गुरुवारचा आपला उपास नाई का!"

गजानन महाराजांचा हा उपास आम्ही दोघी लग्नाआधीपासून धरतो. माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मला हसू आवरेना.

"हासू नको माय. जेवणाचे पैसे भरले हायेत, अन् गुलाबजाम हाये." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू रोज पोथी वाचतं, तुह्यं महाराज आयकतीन. आजचा उपास आम्ही उद्या धरतो म्हणून त्याहिले सांगजो. माह्याबी नावानं सांगजो."