बेडशाच्या लेण्यात चढून आलेली भाकरी

सोलापूरहून निघताना मी सगळ्या इमारतीत जाहीर केलं होतं, की मावळातला दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध विहार पाहायला चाललो आहे. ते मी अशा काही थाटात सांगितलं, की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला संन्यास घेणाऱ्याला द्यावा तसा निरोप दिला. माझी बायको सुलभा एवढंच म्हणाली, "निदान तिथं तरी कमी बोला."

कामशेतवरून गाडी आत वळवून बेडशाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पायऱ्या सरळ आभाळात निघाल्या होत्या. माझ्या गुडघ्यांनी आधी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

पायथ्याच्या मांडवात एक बाई चूल फुंकत होत्या. इथली रीत अशी, की चढताना जेवण सांगून जायचं आणि उतरलं की तव्यावरची भाकरी थेट ताटात घ्यायची.

"मावशी, दोन पिठलं-भाकरी!"

"मावशी? तुमच्यापरीस लय धाकली हाय मी. हौसाबाई म्हना." त्यांनी माझ्या पोटाचा अंदाज घेतला. "कदी उतरणार?"

"तासाभरात."

"ताई उतरतील. तुमी कदी?"

सुलभा इतकी हसली, की पहिली पायरी मला एकट्यालाच चढावी लागली.

मागून हौसाबाई ओरडल्या, "साडेबाराला भाकरी टाकते! उशीर करू नका. भावाला बारा वर्सांनी लेक झालीया. तिकडं उर्शे गावाला बारसं हाय, आत्या मी येकलीच. दीडची जीप चुकली तर नाव कोन ठेवनार?"

"काळजीच सोडा!" मी म्हणालो. माझी आश्वासनं नेहमीच माझ्यापेक्षा चपळ असतात.

वर पोचल्यावर कातळातल्या अरुंद वाटेतून आत गेलो आणि खरोखर गप्प झालो. चैत्यगृहाचे उंच खांब, आणि त्यांच्या माथ्यावर हत्ती-घोड्यांवर बसलेली नटलेली जोडपी.

"संन्याशांच्या दारात एवढे दागदागिने?" मी विचारलं.

"काय सोडून आत जायचंय, ते एकदा नीट बघून घ्यावं म्हणून असेल," सुलभा म्हणाली.

शेजारीच विहार. कमानीसारखं छत, भोवती भिक्षूंच्या खोल्या आणि त्यांत झोपायचे दगडी ओटे. एका ओट्यावर मी केवळ अभ्यासासाठी आडवा झालो.

"अहो, सव्वाबारा झाले. भाकरी टाकतील त्या."

"अगं, भाकरीच ना? आपल्या सोलापुरात कडक भाकरी पंधरा दिवस टिकते. हिला तासाभरात काय धाड भरतेय?"

मी डोळे मिटले. मी गप्प पडलोय ही दुर्मीळ संधी साधून सुलभा चैत्यगृहात जाऊन शांत बसली, आणि तिलाही वेळेचं भान राहिलं नाही.

जाग आली तेव्हा खोलीच्या दारात डोक्यावर पाटी घेऊन हौसाबाई उभ्या होत्या.

"उटा म्हाराज. खालनं हाका मारमारून घसा बसला. म्हटलं, पडलं का काय कुटं!"

"पण तुम्ही भाकरी घेऊन वर?"

"तांदळाची हाय ती. गार झाली की चामडं व्हतंय. मानूस सांगून गेलंय, त्याला चामडं खाऊ घालू व्हय?"

एक वाजून गेला होता. "आणि जीप?"

हौसाबाईंनी खाली रस्त्याकडे पाहिलं. इथले भिक्षू कटोरा घेऊन गावात उतरत असतील. माझ्यासाठी भिक्षाच डोंगर चढून आली होती, तीही आपली जीप सोडून.

"चला, उर्शाला मी सोडतो."

"आदी खावा. गार व्हतीया."

बाहेर पोढीजवळ (कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं) बसून खाल्लं. धुतलेल्या मलमलीसारखी मऊ भाकरी, वर झणझणीत पिठलं. मग मी असा उतरलो, की सुलभा मागून म्हणाली, "हे पाय चढताना कुठं ठेवले होते?"

हौसाबाईंनी मांडवातून झबल्या-टोपड्याची पिशवी उचलली आणि आम्ही निघालो. वडगावच्या गर्दीत मिनिटं सांडत होती. हौसाबाई मात्र उर्शापर्यंत अखंड बोलत होत्या. मला एक वाक्य पुरं करता आलं नाही. आरशात सुलभाचा चेहरा अतिशय प्रसन्न दिसत होता.

पाळण्याभोवती बायका ताटकळल्या होत्या. "आली गं आत्या!" एकच गलका झाला. हौसाबाई पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत बुक्के घालायला बायकांनी हात उगारले.

"मला न्हाई!" हौसाबाई गर्रकन वळल्या. "ह्या पावण्यांच्या पाठीत घाला. उशीर ह्यांच्यापायी झालाय."

पहिला बुक्का सुलभाचा होता.

निघताना हौसाबाईंनी घुगऱ्या (बारशाच्या उकडलेल्या हरभऱ्यांची उसळ) दिल्या आणि पाटीत उरलेल्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. सोलापुरात काकूंनी विचारलं, "काय मिळालं विहारात?" मी तोंड उघडणार, इतक्यात सुलभाने भाकऱ्यांचं फडकं माझ्यापुढे ठेवलं.

हौसाबाईंचं खरं होतं. पार चामडं झालं होतं. मी दोन्ही भाकऱ्या दुधात भिजवून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ल्या. एक शब्द न बोलता.