पाचर मारणे : वाक्यात उपयोग करा

सटाण्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली आणि नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पेटी स्वतः सीटखाली सरकवली. पेटीही त्यांनीच केलेली, सागाच्या उरल्यासुरल्या फळ्यांची. खाली उतरून ते खिडकीशी आले. "भूक लागनी तं खाई लेजो, माय," एवढंच बोलले. मी समोरच्या सीटच्या लोखंडी दांडीकडे बघत राहिले. गाडी वळली तरी मान वळवली नाही. शेजारी फुई, म्हणजे माझी आत्या, हात हलवत होती. दोघींच्या वाटणीचा तिनेच हलवला.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे गाडीत बसून निघून आलेल्यांनो, त्या न वळलेल्या मानेबद्दल मी आजवर कुणाकडे बोलले नाही. तुमच्याकडे बोलते.

आदल्या संध्याकाळी मी चुलीपुढे भाकरी थापत होते. बाहेर ओट्यावर नाना आईला सांगत होते, "पोरना नाशिकना कामले मी पाचर मारी दिधी." मी दहावीला मराठीत वर्गात पहिली आलेली, म्हणून तर पुढे शिकायला फुईकडे निघालेली. पाचर मारणे म्हणजे होणाऱ्या कामात अडथळा आणणे, हे मला तोंडपाठ. झालं! म्हणजे वरवर निरोप द्यायचा, आणि आतून फुईला सांगून ठेवायचं की चार महिने ठेव नि आणून सोड. तव्यावरची भाकरी करपली. आई ओरडली, "ध्यान कोठे शे तुन्हं?" कुठे होतं ते तिलाही सांगितलं नाही.

नाशिक मला लवकर मानवलं, खोटं कशाला सांगू. पंचवटीत फुईच्या दोन खोल्या, खाली सकाळपासून भाजीवाल्यांचा गलका. 'शे'चं 'आहे' करायला मला एक सत्र पुरलं. फुई मला आज परत धाडील, उद्या धाडील, म्हणून मी भांडायच्या तयारीत असायची. तिने कधी विषयच काढला नाही. उलट एकदा तापात मीच "घरी पाठव" म्हणून रडले, तर म्हणाली, "गाड्या बंद आहेत गं. झोप." सटाण्याच्या गाड्या कधी बंद असतात का? पण बरी झाल्यावरही हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी टिकले ती माझ्या जिद्दीवर, नानांच्या पाचरीला पुरून उरले, हीच माझी समजूत. तिच्याच जोरावर डी.एड. केलं, शाळेत लागले, संसार मांडला. आता फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, सकाळी वॉचमनला "पार्सल आलं का?" विचारते. गावी दिवाळीत दोन दिवस. नानांशी बोलणं "जेवलात का?"च्या पुढे मी जाऊच दिलं नाही.

आणि शाळेत शिकवते मराठीच. वाक्प्रचारांत 'पाचर मारणे' येतंच. अर्थ सांगायचा, मग वाक्यात उपयोग. वर्षानुवर्षं फळ्यावर माझ्या वळणदार अक्षरात एकच वाक्य : 'वडिलांनी मुलीच्या शिक्षणात पाचर मारली.' मुलं निमूट उतरवून घ्यायची. माझा बाप मी असा वर्गावर्गांत वाटला.

गेल्या हिवाळ्यात नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे आले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातांना काम नाही. सुताराला याहून मोठी शिक्षा नाही. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सोसायटीच्या बागेत उन्हाला बसवलं, तर तिथे माळ्याची कुदळ दांड्यावर डुगडुगताना त्यांना ऐकू आली. ती त्यांनी हातातून ओढूनच घेतली. कुदळ ढिली झाली की पात्याच्या भोकात, दांड्याच्या टोकाला, लाकडाची निमुळती चीप ठोकतात. दांडा फुगतो आणि पातं जागचं हलत नाही. ती चीप म्हणजे पाचर. नानांनी ती चाचपडत तासली, ठोकली आणि माळ्याला म्हणाले, "आते वढ. बैल जुपशी तरी निंघाव नही."

मग माझ्याकडे तोंड करून, "तुन्ही फुईले बी अशीच मारेल व्हती."

"काय मारली होती?"

"पाचर! तिन्हाकडथून वचन लिधं. पोर रडनी, आजारी पडनी, तरी शिक्षण व्हस तवलोंग परत धाडानी नही."

मी कट्ट्यावर बसले. रंध्याच्या, करवतीच्या आवाजात वाढलेली मी, आणि घरातला शब्द घरातल्या अर्थाने घ्यायचं मला सुचलं नव्हतं. गप्प बसता आलं असतं. आयुष्यभर तेच करत आले. पण सांगितलं. ओट्यावरचं ऐकलेलं, न वळलेली मान, आणि फळ्यावरचं वाक्य, जसंच्या तसं. चष्म्यामागे त्यांचे डोळे दिसत नव्हते. हा माणूस आता पिशवी भरेल आणि पुन्हा माझ्या दारात येणार नाही, याची मला खात्री वाटली.

नाना म्हणाले, "गाडीम्हाईन तू दखं नही, तं माले वाटनं तुले मोटार लागनी."

मग म्हणाले, "त्या वाक्यना पोरेसले मार्क भेटनात का?"

"भेटले, नाना. पूर्ण."

"मंग ऱ्हाऊ दे."

आणि हसले. माळीही काही न कळता हसला. चष्म्याखालून गालावर पाणी उतरलं तसं नाना म्हणाले, "औषधना थेंब शेतस ते." औषध टाकायला अजून तासभर होता. मी बोटाने पुसून दिलं, आणि त्यांनी पुसू दिलं.

परवा लिफ्टमध्ये नव्या शेजारणीने विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" एरवी मी "नाशिकच्याच" म्हणून मोकळी होते. या वेळी म्हटलं, "बागलाणातली, सटाण्याकडची. सुताराची मुलगी. इथे वडिलांनीच बसवलंय मला, घट्ट."

"अय्या! म्हणजे फ्लॅट वडिलांनी घेऊन दिला?"

माझा मजला आला.

"हो," मी म्हटलं आणि उतरले.