रिकाम्या कपाटाला नावं ठेवणारे तात्या

मामा गेल्याची बातमी मला जुन्नरच्या बैलबाजारात कळली. व्यापारी रहिमानभाई गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, "भाचेबुवा, तुमचं तात्या गेलं." मी तसाच निमगाव साव्याला पोचलो, तर अंगणात थोर पुरुषांचं घाऊक उत्पादन चालू होतं. ज्यांना मामांनी हयातभर 'शेणाचा पो' याखेरीज दुसरी पदवी दिली नाही, ते एकेक जण डोळे पुसत उठत होते आणि तात्या कधी कुणाला उणं बोलले नाहीत असं सांगत होते. मला हसू आवरेना, म्हणून मी गोठ्यामागं जाऊन उभा राहिलो. कारण माझा मामा चांगलं असं काही बोललाच नाही. मामीच्या कालवणाला नावं, नव्या एस.टी.ला नावं, सरपंचाच्या टोपीला नावं... भीमाशंकरला जाऊन आले, तर म्हणाले, "काय बघायचं तितं? निस्तं धुकं." लोकांना यात विरक्ती दिसली. मला तेव्हाही आगाऊपणाच दिसला होता.

मामांचा व्यवसाय बैल पारखण्याचा. जुन्नर-आंबेगावात बैल घ्यायचा तर आधी तात्यांचा शब्द घ्यावा, असा रिवाज. ते बैलापुढं उभे राहत, नाक मुरडत आणि म्हणत, "ह्यो बैल हाय व्हय? मला वाटलं शेळी बांधलीया." झालं! मालक पेटायचा. "तात्या, त्वांड सांभाळा! खांदा बघा कसा भरलाय. शिंगं बघा, जशी कमान. पाठीवर केसांचा भवरा हाय, त्यो काय वंगाळ जागी न्हाई." मामा आणखी एक शिवी टाकत, मालक आणखी चार गुण आणि रागाच्या भरात एखादा दोषही सांगून जाई. मग मामा बैलाच्या तोंडात अंगठा घालून दात चाचपत, पाठीवरून हात फिरवत आणि निकाल देत. निकाल कधी चुकला नाही. मी मात्र त्यांना उर्मट म्हातारा समजत राहिलो, आणि ते समजणं मला फार आवडत असे.

चार वर्षांपूर्वी जुन्नरात एका सद्गृहस्थानं काचेच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं. हा परगावच्या काचकारखान्यात साहेब होता. निवृत्त झाला आणि सोबत आणलेली अडगळ माडीवरच्या कपाटांत मांडून तिला इतिहास म्हणू लागला. गोटीसोड्याची बाटली म्हणजे 'आधुनिक युग'. कंदिलाची तडकलेली काच म्हणजे 'प्रकाशाचा प्रवास'. आणि इजिप्त देशाच्या प्राचीन काचविद्येच्या नावानं एक निळा मणी, जो माझ्या मते कुणाच्या तरी बैलाच्या गळ्यातून पडला असावा. बाजार उलगल्यावर मामा, मामी, रहिमानभाई, पाचसहा व्यापारी आणि मी, असे आम्ही हे वैभव पाहायला गेलो. साहेब कोट घालून उभा होता. बोलताना तो मधूनच डोळे मिटायचा, स्वतःचंच कीर्तन ऐकत असल्यासारखा.

मामा पहिल्या कपाटापुढं गेले. "ह्ये काय मांडलंय? डबडी?"

"डबडी?" साहेबाचा आवाज चिरकला. "अहो, हा जांभळा फुगीर चंबू पाहा! फुंकनळीनं फुगवलाय. मानेवर वेल कोरलीय!"

"वेल कसली, गांडूळ हाय," मामा म्हणाले.

व्यापारी खिदळले, मीही खिदळलो. प्रत्येक कपाटापाशी हेच. मामा थुंकल्यासारखं बोलायचे आणि साहेब तळमळून रंग, आकार, घडण सगळं सांगायचा. असा उत्तम तमाशा मी फुकटात कधी पाहिला नव्हता. मग शेवटचं कपाट आलं. मामा त्याच्यापुढं उभे राहिले, कंबरेवर हात ठेवून.

"आन् ह्ये? ह्ये तर समद्यात भंगार. माझ्या परसातल्या उकिरड्यावर ह्याच्यापरीस बरं घावंल."

साहेब हळूच म्हणाला, "तात्या, या कपाटात अजून काहीच ठेवलेलं नाही."

व्यापारी एकमेकांकडं बघू लागले... आणि माझ्या बाहीला काहीतरी लागलं. मामांची बोटं होती. ती माझी बाही शोधत होती, आणि मी तर त्यांच्या अगदी शेजारी उभा होतो! त्या क्षणी मला उमगलं. बाजारात हे कळलं असतं, तर उद्यापासून तात्यांच्या शब्दावर कुणी शेळीसुद्धा घेतली नसती.

"रिकामं हाय?" मामा म्हणाले. "मंग सायेब, तुमच्या समद्या पसाऱ्यात ह्येच येक बरं म्हनायचं."

माडी हशानं हादरली. हसले नाहीत ते फक्त रहिमानभाई. ते जिन्यापाशी आले आणि कण्हत म्हणाले, "तात्या, माझा गुडगा लई दुखतुया. जरा खांदा द्या की राव."

"म्हातारं झालात. बाजार सोडा आता," मामा म्हणाले, आणि त्यांच्या गळ्यात हात टाकून एकेक पायरी उतरले.

पुढं बाजारात एखादा मालक मुखदुर्बळ निघाला, मामांच्या शिव्या निमूट गिळू लागला, की त्याच्या वतीनं रहिमानभाई भांडायचे. "का तात्या, तांबड्या रंगात काय वाईट हाय? डावं शिंग जरा वाकडं आसंल, पर छाती बघा!" मामा त्यांनाही शिव्या घालायचे.

मी मात्र घरी येऊन वेगळाच हिशेब मांडत बसलो होतो. माझ्या लग्नात, भर मांडवात, मामा म्हणाले होते, "भाचेबुवा, ही काय बायकू केलीत?" मी इतका संतापलो होतो की नवरीचे डोळे, हनुवटीवरचं गोंदण, हसताना पडणारी खळी, सगळं त्यांच्या तोंडावर फेकलं होतं. मामा मान हलवत राहिले. "आसंल, आसंल," म्हणाले. म्हणजे तेव्हापासूनच...

गेल्या आठवड्यात मामीला भेटायला गेलो. गाय व्यायली होती. मामी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. तिची नजर अजून इतकी साफ की सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते.

"कसलं वासरू जन्माला घातलंय बया," ती म्हणाली. "निस्ती काटकी."

"काटकी?" मी उसळलो. "मामी, अगं कपाळावरचा चांद बघ! कान बघ कसे उभे, अजून अंग ओलं आहे तर पाय झाडतंय..."

बोलता बोलता मी तिच्याकडं पाहिलं. मामीनं डोळे मिटले होते.

"आसंल, आसंल," ती म्हणाली. "आन् शेपटी?"