तिसरा देवदूत

मामा गेल्याचा फोन उल्हासनगरात आमच्या शेजारच्या सिंधी दुकानात आला. "जल्दी जा सुनंदा बेटी, अंबरनाथ से था," दुकानदारकाका म्हणाले. मी मात्र आधी कपडे वाळत घातले, मग दूध तापवलं... मेलेल्या माणसाचा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. वडील गेले तेव्हाही मी माळ्यावर लपून बसले होते. पळपुटीच म्हणा ना!

सुधाकरमामा काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होता आणि शब्दांनी झपाटलेला होता. एकेका शब्दाचा अर्थ, त्याचं मूळ कानामागच्या पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून तो रिकाम्या काडेपेटीत घालून ठेवायचा. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास दर रविवारी बुद्धविहारात आम्हा पोरांसमोर एक पेटी उघडायचा. एकदा 'देवदूत' निघाला. "पंखबिंख नंतर चिकटवले गं. दूत म्हणजे धाडलेला. फारशीतला फरिश्ता, तोही धाडलेलाच. आणि आपल्या पाली ग्रंथांत देवदूत कोण? म्हातारा, आजारी आणि मेलेला. ते बोलत नाहीत. त्यांच्याकडे नीट बघायचं, बस." मी म्हटलं, "तिसऱ्याकडे मी नाही बघणार." एरवी खो-खो हसणारा मामा हसला नाही. "बघशील," एवढंच म्हणाला.

गेल्या हिवाळ्यात भेटले तेव्हा तो हळूच म्हणाला, "पहिले दोघे येऊन गेले." भर दुपारी एक अनोळखी म्हातारा पायरीवर येऊन बसला, पाणी प्यायला. महिन्याभराने तिथेच एक खोकणारा माणूस. "कोणी धाडलं, विचारलं. नुसते बघत राहिले." मी त्याची यथेच्छ टिंगल केली. आता त्याची लाज वाटते. स्वयंपाकघरात मामी कुजबुजली, "मी घरातच होते गं. कोणी आलं नव्हतं. पण भरलेला तांब्या दोन्ही वेळा पायरीवर रिकामा सापडला..."

अंबरनाथला पोचले तेव्हा आत त्रिशरणाचं पठण चाललं होतं. मी दाराशीच थबकले. परत फिरणार, तेवढ्यात मामीने मनगट धरलं. "काल मी त्यांना विचारलं, तिसरा कधी येणार? तर म्हणाले, तो आपल्याकडे नाही यायचा. तिसरा मीच. सुनंदासाठी."

मी आत गेले. चेहऱ्यावरचं पांढरं कापड स्वतःच्या हाताने बाजूला केलं. कानामागे पेन्सिल तशीच होती, मामी कोणाला काढू देईना. भीती वाटतच होती. तरी मी बसले, आणि बराच वेळ बघत राहिले.