मामाचं कोहळं

साऱ्या वऱ्हाडात कॅल्क्युलसवर जिवापाड प्रेम करणारा आणि त्याच कॅल्क्युलसात नेमाने नापास होणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा मामा निघाला. तेल्हाऱ्याला घरची भाजीपाल्याची वाडी, तिथल्याच शाळेत मास्तरकी, आणि बी.एस्सी. व्हायला एकच पेपर राहिलेला. गणितात एकच राशी बदलत असली तर मामा वाघ. दोन-तीन राशी एकदम बदलू लागल्या की त्याचं गाडं रुतलंच. त्या वर्षी युनिव्हर्सिटीने आम्हा नापासांसाठी अमरावतीच्या कॉलेजात उन्हाळी वर्ग काढला, शेवटी परीक्षा. मीही त्याच पेपरात आपटलो होतो. मामा-भाचे एका बाकावर बसलेले पाहून वर्ग फिदीफिदी हसायचा. मामा मागे वळून ठणकावायचा, "हासता काहून बे? आमच्या घरात विद्या वरतून खालतं येते. नापासीबी तशीच येते!"

पण एका गोष्टीवर तो थट्टा करत नसे. पास झाला तर अकोल्याच्या एका हायस्कुलात जागा कबूल झाली होती, आणि राहायला नळाचं घर. मामी तेल्हाऱ्यात गावाबाहेरच्या विहिरीवरून पाणी भरायची. वैशाखात विहीर तळाला जायची, आणि घागर ओढता ओढता मामीला दम लागायचा. सोन्याचा मणी तिने कधी मागितला नाही. "मले काई नोको," म्हणायची, "नळाखाली घागर ठेवाची अन् भरेलोक नुसतं उभं राहाचं, बस." मामाचा सगळा कॅल्क्युलस त्या घागरीसाठी चालला होता.

शिकवायला पुण्याकडचे प्रोफेसर होते. वऱ्हाडच्या मे महिन्यात कोट घालून यायचे बिचारे. पहिल्याच दिवशी त्यांनी गुरुकिल्ली सांगितली : अनेक राशी असल्या तरी एका वेळी एकच हलवायची, बाकीच्या स्थिर धरायच्या. मामा ताडकन उभा. "काहून? थ्या सोताहून राह्यतेत का स्थिर?" सर दचकले. असा प्रश्न त्यांना पुण्यात कोणी अंगावर फेकला नसावा. "आपण धरायच्या," ते म्हणाले, "बसा." मामा बसला तो साक्षात्कार झाल्यासारखाच बसला. त्या दिवसापासून त्याने सगळा संसारच त्या नियमाला जुंपला. पित्त कशाने होतं ते शोधायला खानावळीत एक दिवस नुसती डाळ खाल्ली, दुसऱ्या दिवशी नुसता भात. डोकं दुखतं म्हणून आधी चष्मा काढून पाहिला, मग टोपी, मग माझी बडबड बंद केली. मी बोलायचा थांबलो तेव्हा म्हणे दुखायचं थांबलं. वा रे मामा!

त्याच आठवड्यात तो तेल्हाऱ्याला जाऊन आला आणि येताना वाडीतली कोहळी पोत्यात घालून घेऊन आला. मी कपाळावर हात मारला. मामाने चाकू पाजळला, एका कोहळ्याचे आडवे काप केले आणि प्रत्येक कापाची कड खडूने खानावळीच्या फरशीवर उतरवली. एकात एक वर्तुळं उमटली. "हे पाय, भाच्या. उंची स्थिर धरली, अन् बाकीचं फिरू देलं. असं असते थे!" आणि खरं सांगतो, प्रोफेसरांच्या फळ्यावर जे मला कळलं नव्हतं ते तिथे कळलं. मग सगळी खानावळ ते काप खायची. सकाळ-संध्याकाळ कोहळ्याचीच भाजी. आचारी हात जोडून म्हणाला, "मास्तर, पास होऊन जा बाप्पा आता. पोट्टे पयाले लागले."

तेल्हाऱ्याहून निघताना घरीही तो नियम लावून आला होता. मामीला सांगितलं, "परीक्षा होईलोक मले घरचं काई कळवजो नोको. मी एकटाच हालून राह्यलो, बाकी सारं स्थिर." मामीने मान डोलावली आणि पोत्यातलं एक कोहळं मागे ठेवून घेतलं. आमच्याकडे अख्खं कोहळं बाई फोडत नाही. पहिला घाव घरच्या पुरुषाने घालायचा. "हे तुमी पास होऊन आल्यावर फोडजा," ती म्हणाली. मला हे मामानेच हसत हसत सांगितलं होतं.

पेपर झकास गेला. मामा हॉलमधून टोपी उडवत बाहेर आला, आणि फाटकाजवळच्या निंबाखाली त्याचा धाकटा भाऊ बसलेला दिसला. सकाळीच आला होता तो. आम्ही आत जाताना त्याने आम्हाला पाहिलंही होतं.

"वयनीले ताप हाय, दादा. लय दिवसापासून. आता बोलतबी नाही."

"मंग सकाळी काहून नाही सांगतलं?"

"तिनं आन घातली. म्हने, थे घर स्थिर धरून गेले, तं राहू द्या स्थिर. पेपर होईलोक बोलसान तं माह्या गळ्याची आन."

गाडीत मामा खिडकीबाहेर पाहत बसला. अकोला जवळ आल्यावर एकदाच त्याने विचारलं, "पानी कोन भरून राह्यलं?"

"थेच भरे," भाऊ म्हणाला, "पडली तोवर."

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. त्या पहाटेच मामी गेली होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ते कोहळं होतं. घरंगळू नये म्हणून मामीने ते आपल्या चुंबळीवर ठेवलं होतं, डोक्यावर घागर घ्यायची त्या चुंबळीवर.

मामा पास झाला. त्याच्या जोरावर मीही झालो. अकोल्याची जागा मिळाली, नळाचं घरही मिळालं. मामा रोज सकाळी नळाखाली घागर ठेवतो आणि भरेपर्यंत नुसता उभा राहतो. आसपासच्या बायका, घरधनी गावाला गेला असला की, कोहळं घेऊन त्याच्याकडे येतात. तो भरल्या ताटावरून उठतो आणि फोडून देतो. आता आडवे काप करत नाही, काही समजावूनही सांगत नाही.

मामीने ठेवलेल्या त्या कोहळ्याचं बी त्याने नळाशेजारी लावलं. सांडलेल्या पाण्यावर वेल कौलांपर्यंत चढला आहे. दर वर्षी पहिलं कोहळं तो अमरावतीला माझ्या घरी पाठवतो, आणि आणणाऱ्याला दर वेळी तेच बजावतो, "भाचा घरी असन तरच ठेवजो. नसन तं वापस आनजो."

मी घरी असतो. त्या दिवसांत मी कुठे जातच नाही.